नंबरावरचा हात

मुरुड, ९ फेब्रुवारी २०२५

शिवांगीचे बाबा,

पांढऱ्या एर्टिगाच्या नंबर प्लेटवर जो हात आहे तो तुमचा आहे. नाही म्हणायची सोय नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं, अंगठ्याच्या बुडाशी टाक्यांचा वण. त्या हाताची पट्टी मी चाळीस दिवस बदललेली आहे. तुमचा चेहरा आता रस्त्यात दिसला तर कदाचित ओळखणार नाही, पण हात ओळखते.

कसं सापडलं ते सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल कुणी चुगली केली. मी मुरुडला सेवा केंद्रात कॉम्प्युटरवर बसते, पाच वर्षं झाली. सातबारा, दाखले, पीकविम्याचे फॉर्म. कुणाला जुनी गाडी ऑनलाइन विकायची असली की जाहिरातही मीच टाकून देते. फोटोतल्या नंबरावर काळा चौकोन ओढायचा आणि मगच फोटो चढवायचा, हा आमचा नियम. नंबर उघडा राहिला की कुणीही मोबाइलवर टाकून मालकाचं नाव काढतं, आणि एखादा भामटा तोच नंबर आपल्या गाडीला लावून हिंडतो, मग दंडाच्या नोटिसा येतात बिचाऱ्या मालकाच्या घरी.

महिन्यापूर्वी एका मास्तरांच्या डिझायरला काय भाव सांगावा म्हणून नांदेडच्या जाहिराती बघत बसले होते. कुणी काळा चौकोन ओढलेला, कुणी नंबर धुरकट केलेला. फक्त एका गाडीबाजाराच्या गाड्यांवर, नंबरापुढं, माणसाचा हात होता. एर्टिगावर हात, बोलेरोवर हात, जुन्या इंडिकावरसुद्धा हात. माणूस चौकटीच्या बाहेर, फक्त कोपरापर्यंत आत. आणि तुमची दोन बोटं सरळ होत नाहीत, त्यामुळे शेवटचे दोन आकडे दर वेळी फटीतून दिसतातच. गाड्यांचे नंबर लपवता लपवता तुम्ही स्वतःच उघडे पडलात. खरं सांगते, आधी मला हसू आलं. मास्तर विचारायला लागले, काय झालं ताई. मग रडूही आलं, तेव्हा त्यांनी विचारलं नाही.

घरात मी अजून कुणाला बोललेले नाही. आता मुद्द्याचं लिहिते.

येत्या चैत्र अमावास्येला, सत्तावीस एप्रिलला, तुमचं क्रियाकर्म आहे. बारा वर्षं माणूस आला नाही की तो गेला असं धरतात, ते तुम्हाला माहीतच आहे. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि सत्यमनं थोरल्या भावाला अग्नी द्यायचा. तुमच्या वडिलांनीच, मामांनी, गुरुजींना सांगून ठेवलंय. पुतळा पेटला की भावकीतल्या बाया माझ्या बांगड्या फोडणार आणि कुंकू पुसणार. नवरा नांदेडात गाड्यांपुढं हात धरून उभा, आणि मी इथं त्याची विधवा.

घरात सांगून टाकावं, तर सत्यम दुसऱ्या दिवशी चार माणसं घेऊन येईल आणि तुम्हाला आणून ओसरीवर बसवील. तेही मला नको आहे. स्पष्ट लिहिते, राग मानू नका. तुम्ही परत यावं असं मला वाटत नाही. पहिली सहा वर्षं वाटत होतं. मग हळूहळू वाटायचं राहिलं.

या बारा वर्षांत मी माहेरी आठ दिवसांच्या वर राहिलेली नाही. भावाच्या लग्नातसुद्धा हळद उतरायच्या आत परत. का, तर घरच्यांचं एकच, "तो आला आन तू नसलीस तर?" लातूरला नर्सिंगला माझा नंबर लागला होता, तेव्हाही हेच. शिवांगीला लातूरच्या शाळेत घालते, खोली करून राहते म्हटलं, तेव्हाही हेच. एवढ्या एका वाक्यानं मला या घरात बांधून घातलंय. आता विधवा झाले की हे वाक्य संपेल, पण विधवा सून कुठं जाते? मामा परवा तुमच्या आईला, आत्याबाईंना, म्हणत होते, एकदा अमावास्या पार पडली की सूनबाई निवांत घरात राहील.

मला फारकत पाहिजे. लातूरच्या वकीलबाईंना विचारून आले, बाजाराला जाते सांगून. त्या म्हणाल्या, सात वर्षं नवऱ्याची काही खबर नसली तरी फारकत मिळते, पण तसं शपथेवर लिहून द्यावं लागतं. डिसेंबरात विचारलं असतं तर मी डोळे झाकून दिलं असतं लिहून. आता मला तुमची खबर आहे, आणि कोर्टात खोटी शपथ मी घेणार नाही. आणि नवरा सोडून गेलाय म्हणून अर्ज करायचा तर तो जिवंत असल्याचा पुरावा हवा. फोटोतल्या हाताला कोर्ट विचारत नाही, असं त्या हसत म्हणाल्या.

तुम्हाला यायला सांगत नाही. फक्त एक कागद पाठवा, तुमच्या अक्षरात. "मी जिवंत आहे, नांदेडला राहतो, फारकतीला माझी हरकत नाही." खाली सही आणि तारीख. पाकिटात तिकीट लावलेलं दुसरं पाकीट ठेवलंय, त्यावर सेवा केंद्राचा पत्ता आहे.

शिवांगी सातवीत आहे. गणितात बरी आहे. तिला यातलं काही माहीत नाही.

शिवकांता


मुरुड, ४ मार्च

शिवांगीचे बाबा,

जाहिरातीतल्या पत्त्यावर टाकलेलं पत्र पोचलं म्हणायचं. पोस्टाची पोचपावती आली, तिच्यावर तुमच्या मालकाची, पाशामियाँ अशी उर्दू वळणाची सही आहे. पण खरी पोच मला जाहिरातीतच मिळाली. वीस फेब्रुवारीपासून एकाही फोटोत तुमचा हात नाही. नंबरावर पुठ्ठा टेकवलेला असतो, बिस्किटाच्या खोक्याचा.

म्हणजे मी तीन ओळींचा कागद मागितला आणि तुम्ही हात काढून घेतलात. शाब्बास!

मला इतका राग आला की केंद्र बंद करून मी जाहिरातीतल्या नंबरावर फोन लावला. एर्टिगा बघायचीय म्हटलं. पाशामियाँनी उचलला. माणूस बोलायला चांगला आहे, गाडीचे टायर, एसी, सगळं सांगितलं. मी विचारलं, चाचा, आधी तुमच्या फोटोत हात असायचा, आता पुठ्ठा का?

ते म्हणाले, "अरे ताई, तुम्ही लई बारीक बगता! नंबर दिसला की गिऱ्हाईक मालकाचं नाव काढतंय अन् सीधा त्याच्या घरला जातंय. मंग आमी काय माशा मारून राहायच्या का? आता ते मोबाइलवरचं काळं मारलं तर लोकायला वाटतंय चोरीची हाय. मानसाचा हात असला की भरोसा बसतोय. आमचा विजू धरायचा हात. धा वर्सं झाली. आता म्हनतो, चाचा, माझा हात नको फोटूत. कामून म्हटलं तर बोलत न्हाई. त्याचा बी मूड असतोय."

विजू. बरं नवं नाव घेतलंत.

तेवढ्यात मागून आवाज आला. कुणीतरी गाडी मागं घेत होतं आणि दुसरं कुणी ओरडत होतं, "यू दे, यू दे, आनखी माघं, बास!" तुमचा आवाज. आपल्या जीपला अंगणात लावताना मी मागं उभी राहायचे आणि तुम्ही मला शिकवायचात तसं ओरडायला. पाशामियाँ हॅलो हॅलो करत राहिले आणि मी फोन ठेवून दिला.

तुम्ही परत यावं असं मला वाटत नाही, असं मी लिहिलं होतं. ते खरं आहे. तरी त्या दिवशी घरी जाताना माझा स्टॉप मागं राहिला आणि मला पुढच्या गावाहून चालत यावं लागलं. मामांनी विचारलं, उशीर कामून? सर्व्हर बंद होता, मी म्हणाले.

कागद पाठवा.

शिवकांता


मुरुड, २३ मार्च

वैजनाथ,

आज रविवार. केंद्र बंद आहे, पण किल्ली माझ्याकडे असते. घरात आज पळसाची पानं आणायला कुणी जायचं याची चर्चा चालली होती, ती ऐकवेना म्हणून आले. तीनशे साठ पानं लागतात म्हणे. सत्यम हिशोबानं जास्तीची आणणार आहे, एखादं फाटकं निघालं तर असावं म्हणून.

काल एका बाईचा फॉर्म भरत होते. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात चार पर्याय येतात. विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित. ती बाई विधवा होती, पटकन झालं. ती गेल्यावर मी माझाच फॉर्म असल्यासारखी त्या चौघांकडे बघत बसले. माझं त्यात काही बसत नाही.

तुम्ही का गेलात ते मला ठाऊक आहे. बारा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की ठाऊक नाही. पोलिसांना सांगितलं, तुमच्या आईला सांगितलं, माझ्या आईलाही. तूर विकायला लातूरला गेले, मोटारसायकल बसस्टँडवर सापडली, बाकी काही कळलं नाही. तोंडपाठ झालंय मला.

पण तुम्ही जीपसाठी गेलात. मळणी यंत्रात हात अडकला, तुम्ही लातूरला दवाखान्यात होतात, आणि मामांनी जीप विकली. आता हे मुरुड-लातूर शिटा भरून वडाप करणं बास झालं, या हातानं स्टेअरिंग धरता येणार नाही, शेतात लक्ष घाल म्हणाले. तुम्ही घरी आलात आणि अंगणात जीप नव्हती. तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, बरं झालं, भांडण टळलं. तुम्ही सहा महिने बोलला नाहीत आणि मग गेलात.

तुम्ही तेव्हा एकदाच विचारलं होतं, कागदपत्रं तर पेटीत होती, कुलूप लावून, मग गाडी विकली कशी? मी म्हणाले, मला काय माहीत.

कागदपत्रं मी काढून दिली. पेटीची किल्ली माझ्या मंगळसूत्रात होती. मामा दारात उभे राहिले आणि म्हणाले, "त्याचा हात गेलाय सूनबाई, आता जीव बी जाऊ द्यायचा का त्या गाडीपायी?" शिवांगी मांडीवर होती, पाच महिन्यांची. मला त्यांचं खरं वाटलं. आणि आणखी एक. तुम्ही रोज त्या जीपमध्ये जायचात आणि रात्री यायचात, घरात असलात तरी तिच्याखाली पडलेले असायचात. ती गेली तर तुम्ही घरात राहाल, असंही मला वाटलं. हे मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही.

तेव्हा मीही गुन्हेगार आहे. ती शिक्षा म्हणून तुम्ही कागद पाठवत नसाल तर तसं लिहा. पण बारा वर्षं पुरेत. जीप होती हो ती, लेकरू नव्हतं.

आत्याबाई अजून रोज एक भाकरी जास्तीची करतात. उरली की सकाळी चुलीपुढं बसून स्वतः खातात, दुसऱ्या कुणाला देत नाहीत. परवा मला जवळ बसवून म्हणाल्या, "त्या दिशी बाया हात धरत्याल तवा तू माज्याकडं बग. दुसरीकडं बगू नगंस." त्यांना तर सांगूच शकत नाही मी. तुम्ही जिवंत आहात म्हटलं तर अनवाणी नांदेडला निघतील. आणि तिथं तुम्ही त्यांना बघून पुठ्ठ्यामागं लपाल.

पस्तीस दिवस राहिलेत.

शिवकांता


मुरुड, १९ एप्रिल

वैजनाथ,

कागद आला नाही. पाठवलेलं तिकीट वाया गेलं.

म्हणून परवा मी हिंमत केली. आत्याबाई शेजारी शेवया करायला गेल्या होत्या, शिवांगी शाळेत. मामा ओसरीवर पेपर वाचत होते. मी मोबाइलवर एर्टिगाचा तो जुना फोटो काढला, साठवून ठेवलाय मी, आणि त्यांच्यापुढं धरला. म्हटलं, मामा, हा हात बघा.

त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता ओरडतील, सत्यमला हाक मारतील.

म्हणाले, "हाव. ठाव हाय मला."

मी खालीच बसले.

किनवटला बैल बघायला गेले होते ते, सहा वर्षांपूर्वी. येताना नांदेडला उतरले आणि चहाच्या टपरीवर तुम्ही भेटलात. हे तुम्हाला मी काय सांगते, तुम्ही तिथंच होतात की. तुम्ही त्यांना म्हणालात म्हणे, मी येत नाही, मला मेलेला धरा आणि तिला मोकळी करा.

ही कुठली मोकळी करायची रीत? मेलात तुम्ही आणि बांगड्या माझ्या फुटणार. मला एकदा विचारावं असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही. टपरीवर चहा पिता पिता बापलेकांनी माझा निकाल लावला, आणि बाप बैलजोडी घेऊन घरी आला. मी त्या बैलांना ओवाळलं होतं. नवरा परत यावा म्हणून त्यानंतरही वर्षभर सोमवार धरत होते, आणि मामा रोज मला बघत होते उपाशी.

मी विचारलं, मामा, मग मला का नाही सांगितलं?

"सांगून काय करतीस? टाकल्याली बाई म्हनलं असतं लोकांनी. गावात तोंड दाखवायची सोय ऱ्हायली न्हसती. इधवेला कुनी बोल लावत न्हाई. मान असतुया तिला."

मग पेपरची घडी घालत खरं ते बोलले. "अन् फारकत झाली तर तू पोरीला घिऊन जाशील. सत्यमला पुण्याचं येड लागलंय. मंग या घरात आमचं म्हातारा-म्हातारीचं हाय कोन?"

रागावून बोलले असते तर मी भांडले असते. त्यांचा आवाज कापत होता. बारा वर्षं त्यांनी मला वाईट वागवलेलं नाही, हेही खरं आहे. आजारपणात माझ्यासाठी रात्री टमटम काढून लातूरला नेलंय. त्याच माणसानं मला दार लावून आत ठेवलं, आणि मी समजत होते की दार तुमच्यासाठी उघडं आहे.

शेवटी म्हणाले, "तिला सांगू नगंस. तुज्या सासूला. ती मरंल."

तर आता असं आहे. मी गप्प राहिले तर आठ दिवसांनी विधवा होते आणि इथंच राहते. बोलले तर आत्याबाईंना एकाच वेळी कळणार की लेक जिवंत आहे, त्याला यायचं नाही, आणि त्यांच्या नवऱ्याला सहा वर्षं माहीत होतं. कुणाला वाचवू मी? शिवांगी काल विचारत होती, आई, पुतळा जळताना मला पण बघावं लागंल का?

तुमचं तिथं कुणी असेल, घरसंसार असेल, तर मला त्याचं काही नाही. हे वाक्य मी तीनदा खोडून परत लिहिलंय, तसंच राहू दे.

सव्वीस तारखेपर्यंत कागद पाठवा, नाहीतर स्वतः या. मी पाया पडते म्हणून लिहिणार होते, पण नाही पडत.

शिवकांता


गावाहून, २८ एप्रिल

वैजनाथ,

काल तुमचं झालं. कसं झालं ते तुम्हाला कळायला हवं.

ओढ्याच्या काठाला सगळी भावकी जमली होती. गुरुजींनी पुतळा छान बांधला होता. नारळाला तुमची टोपी घालायची का यावर दोन म्हाताऱ्यांचा वाद झाला, शेवटी घातली. सत्यम काडेपेटी धरून उभा. बायांनी मला बाजूला बसवून दोन्ही मनगटं धरली. एकीच्या हातात दगड. आत्याबाई माझ्यासमोर बसल्या होत्या, सांगितल्याप्रमाणे मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी चाललं होतं आणि ओठ हलत होते, तुमचं बारशाचं नाव घेत होत्या.

ते मला सहन झालं नाही. स्वतःच्या बांगड्यांचं मी कदाचित सोसलं असतं. पण ती बाई खोट्यासाठी रडत होती, आणि ते खोटं मला आणि मामांना दोघांनाच माहीत होतं.

मी हात सोडवून घेतले. मामा ओरडले, "शिवकांता!" पहिल्यांदाच नावानं. तोवर मी फोन लावला होता, आवाज मोठा करून. पाशामियाँ म्हणाले, "ताई, एर्टिगा तर गेली, दुसरी बगा ना." मी म्हटलं, विजूला द्या चाचा, गाडीचं विचारायचंय.

"हां बोला, कोनती गाडी?"

तुमचा आवाज ओढ्याकाठी सगळ्यांनी ऐकला. आत्याबाई उठल्या. गुडघ्याचा त्रास आहे त्यांना, एरवी दोघींनी धरावं लागतं, काल एकट्या उठल्या आणि माझ्या हातातला फोन धरला.

"वैजू?"

मागं कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवून बघत होतं.

"वैजू, मी हाय. आई हाय. बोल की रं."

मग तुम्ही म्हणालात, "राँग नंबर." आणि फोन ठेवलात.

बारा वर्षांत तुमच्यावर मी रागावले, रडले, हसलेसुद्धा. पण काल त्या दोन शब्दांनंतर मला तुमची लाज वाटली.

आत्याबाईंनी फोन माझ्या हातात दिला, नीट, पडू नये असा. मामांकडे वळून विचारलं, "तुमास्नी ठाव व्हतं?" मामांनी खाली बघितलं. मग आत्याबाई गुरुजींना म्हणाल्या, "करा पुढचं."

गुरुजी म्हणाले, "जिवंत माणसाचं करता येत नाही बाई. पाप आहे." आणि पिशवी भरायला लागले.

"मंग तुमी जावा. पाप माजं." असं म्हणून त्यांनी सत्यमच्या हातातली काडेपेटी घेतली. वारा होता, तीन काड्या विझल्या. कुणी पुढं झालं नाही. चौथी लागली. "म्या जलम दिलता, मीच अग्नी देते," एवढंच बोलल्या. पानं ओली होती, आधी धूरच धूर. मग धडाडून पेटलं.

बायांना काय करावं कळेना. त्यांनी माझी मनगटं परत धरली, रीत म्हणून. तेव्हा आत्याबाई धुरातून आल्या आणि त्या बाईच्या हातातला दगड घेऊन ओढ्यात टाकला. म्हणाल्या, "तिच्या बांगड्यांना हात लावायचा न्हाई. मेला त्यो माजा ल्योक. तिचा नवरा जित्ता हाय." मग माझ्याकडे वळून, सगळ्यांदेखत, "कोर्टात जा तू. लातुरात ऱ्हा, नर्स हो, काय व्हायचं ते हो. पोरीला ने. सुट्टीला पाठीव माज्याकडं, तेवढं बास."

पोलीस पाटील तिथंच होते. त्यांनी शिवांगीच्या वहीचा कागद मागून घेतला आणि लिहून काढलं की सदर इसम फोनवर बोलला, त्याच्या आईनं, भावानं आणि हजर मंडळींनी आवाज ओळखला. खाली अकरा सह्या आणि चार अंगठे आहेत. शेवटची सही मामांची आहे. कुणी मागितली नव्हती, त्यांनी स्वतः पेन मागितला. माझ्याशी अजून बोललेले नाहीत.

आज फोनवर वकीलबाई म्हणाल्या, यावर अर्ज दाखल करता येतो. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत मी लातूरला खोली बघते. तुम्हाला कोर्टाची नोटीस पाशामियाँच्या पत्त्यावर येईल. ती तरी तुमच्या सहीनं घ्या.

आता हे शेवटचं पत्र. आत्याबाई तुमचं सुतक धरून बसल्यात, जमिनीवर घोंगडं टाकून. आज सकाळी भाकरी मोजूनच केल्या. मी जवळ बसले आणि विचारलं, आत्याबाई, त्यांचा फोन आला तर तुम्हाला देऊ का?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलले होते. म्हणाल्या, "मेल्यालं मानूस फोन करतं व्हय?"

शिवकांता